बाना चिशिंबाने मागितलेलं गटार

तिचं खरं नाव सांपा. पण त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. थोरला मुलगा झाल्यापासून ती साऱ्या वस्तीची बाना चिशिंबा, म्हणजे चिशिंबाची आई, झाली. आणि चिशिंबा ट्रक घेऊन सीमेपलीकडे गेला, तिकडेच रमला, तरी ती बाना चिशिंबाच राहिली. तांब्याच्या खाणींच्या त्या शहरात, अगदी सखल टोकाला, कामाबाना वस्तीत तिचं घर होतं. सकाळी ती पिठाचे गोड गोळे तळून विकायची आणि दुपारी वस्तीच्या वतीने भांडायची. तळणं तिला आवडायचं. भांडण मात्र गळ्यात पडलेलं होतं.

ते पडलं नवरा गेला त्या वर्षी. वरच्या बंगल्यांकडचं पावसाचं पाणी दरसाल उतारावरून कामाबानात येऊन साचायचं. त्या वर्षी ते संडासांत भरलं, संडासांतून विहिरींत उतरलं, आणि शाळेच्या मैदानावर कॉलऱ्याच्या रोग्यांचा पांढरा तंबू लागला. जन्मभर खाणीच्या पोटात जाऊन धडधाकट वर येणारा माणूस त्या तंबूत शिरला तो परत आलाच नाही. प्रेतही हातात दिलं नाही. तंबूच्या दोरीपाशी तिच्यासारखीच एक बाई उभी होती, कासुबा. तिची धाकटी लेक आत होती. दोघींची ओळख तिथली.

"पाणी वाहून जायला वाट असती," कासुबा म्हणाली होती, "तर ही दोघं आज घरी असती."

तेवढ्या एका वाक्यावर दोघींची पुढची सगळी वर्षं गेली. आम्हाला नदीपर्यंत जाणारं पक्कं गटार हवं, एवढंच मागणं. आधी दोघी, मग बाजारातल्या भाजीवाल्या, मग चर्चमधल्या बाया. नगरपालिकेच्या व्हरांड्यातला बाक त्यांनी बसून बसून गुळगुळीत केला. साहेब मीटिंगमध्ये असायचे. साहेब राजधानीला गेलेले असायचे. साहेबांची बदली व्हायची आणि नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. एकदा त्यांनी चौकात रस्ता अडवला तेव्हा पोलिसांनी त्यांना गाडीत कोंबून नेलं आणि दिवसभर उन्हात बसवून ठेवलं. निवडणूक आली की नगरसेवक कपांब्वे ढोल घेऊन यायचा, बायांबरोबर नाचायचा. "मायो, तुमचं गटार ते माझं गटार," म्हणायचा. मायो म्हणजे आई. निवडून आला की आईची ओळख विसरायचा.

बाना चिशिंबाचे गुडघे गेले. सभेत बोलताना दम लागायला लागला. कधी कधी तिला वाटायचं, आपण कशासाठी भांडतोय तेही आता नीट आठवत नाही. नुसती सवय राहिली आहे.

आणि मग एके दिवशी खरंच यंत्र आलं. पिवळं, अवाढव्य, वस्तीच्या तोंडाशी उभं. तेंबो नावाच्या तरुण इंजिनिअरने सायलसच्या बियरबारच्या भिंतीला लागून लाल टोकाच्या खुंट्या ठोकल्या. इथून गटार जाणार. बाया आरोळ्या देत नाचल्या. कासुबाने बाना चिशिंबाला कवेत घेऊन उचललंच. "अगं ठेव खाली, कंबर मोडेल तुझी!" ती ओरडत होती, आणि रडतही होती.

आठवडा गेला नसेल. सकाळी तेलाची कढई घेऊन ती बाहेर आली तर अंगणात लाल टोकाची खुंटी. दुसरी चुलीजवळ. तिसरी निजायच्या खोलीच्या भिंतीला टेकून. ओळ बारपाशी वळली होती आणि तिच्या घरातून आरपार गेली होती.

ती कढई हातात धरून तशीच उभी राहिली. राग यायला हवा होता. आलं ते निराळंच. आता पुन्हा, असं वाटलं. आता पुन्हा तो बाक.

कासुबा धावत आली. खुंट्या बघून तिचा आवाज चिरकला. "सायलसने हात ओले केले असणार! आणि कपांब्वे तर तुझ्यावर दातओठ खातोच. एका दगडात दोघांचं काम झालं. बाना चिशिंबा, आपण यंत्राच्या पुढ्यात झोपायचं. माझ्या अंगावरून जाऊ दे मेल्याला!"

"आधी त्याला बोलाव," ती म्हणाली. "आपल्यात येऊन, सगळ्यांच्या तोंडावर सांगू दे."

निवडणूक जवळ होती, म्हणून कपांब्वे आला. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पत्र्याखाली वस्ती जमली. त्याने घाम पुसत हात जोडले. "मायो, मला वाईट वाटतं. पण जमिनीचा उतार कुणाच्या हातात असतो का? हे इंजिनिअरांचं काम. तुम्हीच गटार मागत होता ना?"

मागून कुणीतरी हसलं. बाना चिशिंबा उठली. ती कपांब्वेशी बोललीच नाही, तेंबोकडे वळली.

"बाळा, तू पहिल्या खुंट्या कुठे ठोकल्या होत्यास?"

"बारच्या भिंतीलगत, मायो."

"उतार चुकला होता तुझा?"

तेंबोने कपांब्वेकडे पाहिलं, मग बायांकडे. "नाही," तो म्हणाला. "उतार बरोबर होता. मला ओळ हलवायला सांगितली."

"कुणी?"

सगळ्यांच्या माना कपांब्वेकडे वळल्या. पत्र्याखाली एकच गिल्ला झाला. कपांब्वे काहीतरी समजावत होता, ते कुणाला ऐकू येत नव्हतं. काम बंद, काम बंद, अशी आरोळी उठली.

त्या गोंगाटात तिने तेंबोला जवळ बोलावून विचारलं, "काम बंद झालं तर पुन्हा कधी सुरू होईल?"

"खरं सांगू? यंत्र दुसऱ्या वॉर्डात जाईल. कोर्टकचेरी झाली तर मग... मला माहीत नाही, मायो. या पावसाआधी तर नाहीच."

ती खाली बसली. समोर कडेवर लेकरं घेतलेल्या बाया ओरडत होत्या. यातलं कुणाचं तरी या पावसात तंबूत जाईल, एवढंच तिच्या मनात आलं. पुन्हा उठायला तिला दोन बायांचा आधार लागला.

"खणा," ती म्हणाली. "घराचा तेवढा भाग घ्या. पण कपांब्वे, तू इथे उभा राहून सगळ्यांसमोर बोल. ओळ तू फिरवलीस हे बोल, आणि माझी भिंत नगरपालिका बांधून देईल हे बोल."

तो अर्धवट पुटपुटला. लोकांनी मोठ्याने बोलायला लावलं. मग तो मोठ्याने बोलला.

कासुबा मात्र तिच्यावर उसळली. "झालं? एवढ्याचसाठी आम्हाला ताठ उभं राहायला शिकवलंस? उद्या ज्याचं घर पाडायचं त्याला हे तुझं नाव सांगतील! म्हणतील, तिने दिलं, तू का देत नाहीस?"

"खरं आहे तुझं," बाना चिशिंबा म्हणाली. "पण मला आता आणखी वाट बघवत नाही गं."

कासुबा पाठ फिरवून गेली ती बोलेनाशी झाली.

यंत्राने चूल नेली, निजायची खोली अर्धी नेली. भिंतीसाठी विटा आल्या, सिमेंट आलंच नाही. उघड्या बाजूला तिने प्लास्टिकचा कागद बांधला. कपांब्वेने गटाराचा फोटो पोस्टरवर छापला आणि पुन्हा निवडून आला. पत्र्याखालचं त्याचं बोलणं साऱ्या वस्तीने ऐकलं होतं. तरीही मतं पडली. काही तर तिच्याच बायांची होती. "गटार तर झालं ना," त्या नजर चुकवत म्हणाल्या.

पाऊस आला. कागद फडफडायचा, आणि त्याच्या पलीकडून पाणी धों धों वाहत जायचं. वाहत जायचं, साचायचं नाही. शाळेच्या मैदानावर त्या वर्षी पोरं चिखलात फुटबॉल खेळली. तंबू लागला नाही. बाना चिशिंबा उरलेल्या खोलीत पडून ते पाणी ऐकायची आणि तिला झोप लागायची.

पाऊस ओसरायच्या सुमारास तिच्या दारात परक्या बाया आल्या. रेल्वेरुळांच्या पलीकडच्या वस्तीतल्या. भिजलेल्या, संतापलेल्या. पुढे होती ती म्हणाली, "गटारवाली बाना चिशिंबा तूच ना? तुमचं गटार नदीपर्यंत नेलेलंच नाही. रुळाच्या बांधापाशी सोडून दिलंय. तुमचं सगळं पाणी आमच्या घरात येतं. आमच्याकडे तंबू लागलाय."

नदीपर्यंत, असंच कामाबानाच्या बाया मागत आल्या होत्या. पण आपल्या वस्तीचं पाणी ओसरलं तेव्हा पुढे कुठे जातं हे बघायला कुणी गेलं नव्हतं. बाना चिशिंबाही गेली नव्हती.

"कोण गेलं तुझं?" तिने विचारलं.

"सासू. आणि दीर आत आहे."

बाना चिशिंबाने त्यांना बसवलं, होते ते गोळे त्यांच्यापुढे ठेवले आणि शेजारच्या बाईबरोबर कासुबाला निरोप धाडला. येईल असं तिला वाटत नव्हतं. कासुबा आली. दारात उभ्या उभ्या तिने सगळं ऐकून घेतलं, प्लास्टिकच्या कागदाकडे एकदा पाहिलं आणि खाली बसली.

"मला आता होत नाही, कासुबा," बाना चिशिंबा हळूच म्हणाली. "देवाशप्पथ होत नाही."

"मला तरी कुठे होतंय?" कासुबा म्हणाली. "गुडघ्याला काही लावलंस का?"

"लावते. काही उपयोग नाही."

मग दोघी त्या बायांबरोबर आधी बांधापाशी गेल्या, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. वाट चिखलाची होती, आणि बाना चिशिंबाला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. ती थांबली की बाकीच्याही थांबत.