टेलवाल्याचं गाऱ्हाणं

बेलापूरचे उत्तमराव पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाला कधी मिळणार हे त्यांच्या हातात, म्हणून बोलण्यात तोरा भरपूर. कालव्यातून फुटलेल्या चारीच्या पार शेवटी, टेलला, सहादेवचं रान. पाणी पोचत नाही म्हणून तो पाणी सुटायच्या दर पाळीला भांडायला यायचा. "वर पानी मोजून सोडलंय. तू खोटारडा हायेस!" हे उत्तमरावांचं ठरलेलं उत्तर. टेलपर्यंत चालून बघायची तसदी त्यांनी आठ वर्षांत घेतली नाही.

१९९७च्या मार्चात असंच भांडण रंगलेलं असताना उत्तमरावांचा श्वास अडकला, तोंडाला फेस आला. दोन महिन्यांतली ही तिसरी खेप. शेवटी सहादेवनंच त्यांना टेम्पोत घालून नगरला नेलं.

इंजेक्शननं छातीतलं पाणी उतरलं. पण हृदय तपासलं तर ठणठणीत! मग पाणी भरतं कशानं? चौथ्या खेपेला आपण वाचत नाही, या भीतीनं उत्तमरावांचा तोरा पार जिरला होता. माधुरी मॅडम, तिथल्या तरुण डॉक्टर, पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग तपासण्या झाल्या आणि त्या म्हणाल्या, "दोन्ही मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. मूत्रपिंडांपर्यंत रक्त पोचत नाही, म्हणून त्यांना वाटतं शरीरात पाणीच कमी आहे. ती पाणी धरून ठेवतात, रक्तदाब चढवतात. मग ते एकदम फुफ्फुसात शिरतं."

कॉटशेजारच्या सहादेवनं कान टवकारले. "म्हंजी वर पानी तुडुंब आन टेलला ठणठणाट?"

"अगदी तसंच."

"आन टेलवाला वरडतोय ते खरं हाय?"

"त्याचं खरंच आहे."

सहादेव पोट धरून हसला. उत्तमरावांनाही हसू आवरेना, पण मनातून ते फार ओशाळले.

पुण्याला फुगा घालून रक्तवाहिन्या मोकळ्या केल्या. पुन्हा दम लागला नाही. जूनच्या पाळीआधी उत्तमराव माणसं घेऊन चारीनं निघाले. मधेच ढोपरभर गाळ आणि गवत माजलेलं. दोन दिवस उपसलं, तेव्हा पाणी सहादेवच्या रानात धो धो शिरलं.

उत्तमराव बांधावर उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले. "सहादेव, आठ वर्सं तुला खोटा म्हनलो. माफ कर गड्या."

"माफीचं मागनं बघू, अण्णा!" सहादेव चिखलातून ओरडला. "आदी खोरं घ्या, बांध फुटतोय!"

आणि जन्मभर पाणी वाटणारे उत्तमराव धोतर खोचून पहिल्यांदाच वाफ्यांची दारं धरायला पाण्यात उतरले.