दुसरा गोळा

जानकीमावशीची आणि माझी ओळख माझ्या घशात अडकलेल्या काट्याने करून दिली. मी आंबोलीची, नाचणीच्या भाकरीवर नि कुळथाच्या पिठीवर वाढलेली. लग्न होऊन मालवणात आले आणि चौथ्याच दिवशी पेडवे हे बारीक काट्यांचे मासे खाताना काटा लागला. सासूबाई घाबरल्या. तेवढ्यात शेजारची मासे विकणारी उंच बाई डोक्यावरची पाटी पडवीत उतरवून सरळ स्वयंपाकघरात आली, सुक्या भाताचा लिंबाएवढा गोळा वळला आणि माझ्या तोंडात कोंबला.

"चावू नको गो, सरळ गीळ. काटो आपल्या वाटेन जातलो!"

काटा गेला. वर पाठीत एक धपाटाही मिळाला.

आमच्या वाडीत काट्याची वैद्य तीच. पोस्टमास्तरसुद्धा गळा धरून तिच्या दारात येत. समोरच्याच्या गळ्यावर बोटं ठेवून गोळा खाली उतरेपर्यंत ती उभी राही, मग पाटी उचलून ताठ मानेने चालू लागे. माझे यजमान शाळेत शिक्षक, म्हणून मी तिची मास्तरणी.

एका उन्हाळ्यात ती स्वतःच गळा धरून आली. "मास्तरणी, एक गोळो दी. बांगड्याचो काटो रवलो हा."

मी दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिच्या घरी सकाळचा भात नसे, आमच्याकडे असे. दोन महिने मी रोज गोळा वळून तिच्या हातात ठेवत होते. वर थट्टाही करायची, "मावशे, तुझो काटो घर बांधून रवलो काय?" जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

आवाज बसला, चोळी सैल झाली, तेव्हा मी तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी धरून घसा पाहिला.

"इतके दिवस काय केलंत?"

"भाताचे गोळे दिले," मी म्हणाले.

त्यांनी बॅटरी विझवून खाली ठेवली. मग म्हणाले, "हा काटा नव्हे, बाई. गाठ आहे."

पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत तिच्या मुलाने तिला मुंबईला नेलं. तिथे रेडियमचे उपचार झाले. बोटी पुन्हा सुरू झाल्यावर ती परतली. गळ्याची कातडी करपलेली, तोंडात लाळ म्हणून नाही. गाठ बसली होती, पण गिळणंही तिच्याबरोबरच गेलं होतं. वाटीभर पेज प्यायला तिला अख्खी सकाळ लागे. हनुवटी छातीला टेकवली तरच घोट उतरायचा, नाहीतर ठसका लागून जीव कासावीस व्हायचा. जन्मभर पाटीखाली ताठ राहिलेली ती मान घोटाघोटाला खाली वाकताना मला बघवत नसे.

एकदा धीर करून बोलले, "मावशे, मी तुका गोळे देयत रवलंय. त्यातच येळ गेलो."

"मागणारी मी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुझो काय गुन्हो?"

तिने माफ केलं. मला ते आजवर जमलेलं नाही.

पुढे पुढे पेजही उतरेना. तिला वास जाऊ नये म्हणून आम्ही मासे आणायचे बंद केले. तिला ते कळलंच. "मी अजून मराक नाय! बांगडे घेवन ये आणि माझ्यासमोर बसान जेव. माका बघूक व्हया."

मी तिच्या खाटेजवळ पान मांडून बसले. ती माझा घास डोळ्यांनी जेवत होती. माझं लक्ष ताटात कसलं राहतंय? काटा लागला. मी तो लपवू पाहिला, पण लपवायचा कुणापासून!

"लागलो मा?"

तिने माझ्याच पानातला भात घेऊन गोळा वळला. "चावू नको. गीळ." मी गिळला. तिची थंड बोटं माझ्या गळ्यावर होती, गोळ्याबरोबर खाली सरकत गेली.

"गेलो?"

मी मान हलवली.

"तुझो तरी गेलो," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून रडली. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आठवड्याने ती गेली.

आता वाडीतली माणसं काटा लागला की माझ्याकडे येतात. मी गोळा वळते, गळ्यावर बोटं ठेवून उभी राहते. तेवढ्याने नाही गेला, तर पायात वहाणा सरकवते आणि त्या माणसाला घेऊन डॉक्टरांची वाट धरते. कुणी कितीही विनवण्या केल्या तरी दुसरा गोळा मी आजवर कुणालाही दिलेला नाही.