मूलच्या पुढे लाल रंग हरवला

चंद्रपुराहून निघतानाच मी चूक केली. बायकोने फिकट पिवळी साडी काढून ठेवली होती; मीच तिला लाल नेसायला लावली. "वाघा-अस्वलांचा मुलूख आहे. लाल असलं की माणूस दुरूनही दिसतो," असं मी ठासून सांगितलं. तिच्या भावाच्या घरी होतो, म्हणून तिने वाद घातला नाही.

ऊर्जानगरच्या वीजकेंद्राची धुराडी मागे पडली आणि रस्त्याकडेला पळस सुरू झाले. पान एकही नाही, नुसता विस्तव. मूल गावी भात आणि तळ्यातल्या माशांचा रस्सा जेवलो. मी डोळे पुसत होतो, ही दुसऱ्यांदा वाढून घेत होती. मग मी गाडीतच जरा आडवा झालो आणि उन्हं कलेपर्यंत घोरलो.

गडचिरोलीच्या वाटेवर एका बोडीपाशी (लहान तळं) थांबलो तेव्हा सूर्य टेकला होता. पलीकडच्या मातीच्या पाळीवर पळस होता. नातीच्या रंगपंचमीसाठी फुलं हवीत म्हणून ही पिशवी घेऊन गेली. मी टपरीवर चहा सांगितला.

"बाई कुठी गेल्या, भाऊ?" टपरीवाल्याने विचारलं.

"फुलं वेचायला."

"आता? एकटं काऊन जाऊ देलं? रोज सांजेले अस्वल पाण्यावर येऊन राह्यलं इथी."

चहा तसाच राहिला. मी पाळीवर लाल शोधू लागलो. अंधार झाला नव्हता. गवत दिसत होतं, झुडपावर वाळत घातलेली कुणाची निळी लुंगी तर चांगली उठून दिसत होती. लाल मात्र कुठेच नाही. पळसाच्या जागीही नुसतं काळं झाड. हाक मारली, ती पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या आवाजात विरली. आणि त्या झाडाखाली काहीतरी हललं. काळं, वाकलेलं, जमीन हुंगत असल्यासारखं.

"अस्वल!" मी किंचाळलो. अस्वल इथे आहे, मग ही कुठे आहे? टपरीवाला काठी घेऊन धावला. मी गाडीत शिरलो, हॉर्न दाबून धरला आणि हेडलाइट लावले.

अस्वल लाल झालं. वरचा पळसही पेटला. अस्वलाने कंबर धरून पाठ सरळ केली, डोळ्यांवर हात आडवा धरला आणि पिशवी सांभाळत आमच्याकडे यायला लागलं.

"भाऊ," टपरीवाला काठी टेकून हसत म्हणाला, "हे अस्वल तं तुमच्याच घरचं दिसून राह्यलं!"

पुढे गडचिरोलीपर्यंत मी हिला समजावत होतो. जरा जास्तच बोललो. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मंदावतात. अंधुक उजेडात ज्या दुसऱ्या पेशी कामाला लागतात, त्यांना निळं-हिरवं बऱ्यापैकी जाणवतं, लाल जवळजवळ नाहीच. म्हणून संध्याकाळी लाल सगळ्यांत आधी काळं पडतं. पिवळी साडी दिसली असती, हेही कबूल केलं.

ती मांडीवर पिशवी घेऊन ऐकत होती.

"डोळ्यांचं पटलं," शेवटी ती म्हणाली. "हॉर्न वाजवायला गाडीत बसलात, तेही पटलं. पण काचा कशाला वर केल्या होत्या?"