खडू व डस्टर पुरवठ्याबाबत

हे मी आजवर आपल्या माणसांत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. विहारात ज्यांच्या शेजारी बसतो त्यांनाही नाही. अकरा वर्षांपूर्वी एका मुलीचा अर्ज मी चार पुरुषांसमोर मोठ्याने वाचला. ती तिथेच उभी होती.

कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सचिव साहेबांची केबिन. भर दुपार. टेबलावर तर्री-पोह्याच्या प्लेटा. साहेब, साहेबांचे साळे, बांधकामाचा एक ठेकेदार आणि चौथे ते सर, ज्यांच्याविरुद्ध अर्ज होता. ते साहेबांचे पुतणे. मुलींचं हॉस्टेल त्यांच्याकडे होतं.

साहेबांनी कागद माझ्याकडे फेकला.

"अक्षर तुझं दिसते."

"हो साहेब."

"तुमच्या वस्तीत तं मोठमोठी भाषणं होतात म्हणे. मंग वाच. जोरात."

मी वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीपाशी आवाज बसला. साहेब म्हणाले, "थांबला काऊन बे? वाच ना, पुढं काय केलं सरानं?" साळे हसले. सर पोहे खात होते. ठेकेदाराने तिला विचारलं, "अन् मंग तू तवा ओरडली काऊन नाई वं?"

त्या चौघांकडे तिने पाहिलंही नाही. ती माझ्या हातांकडे पाहत होती. कागद धरलेल्या.

मी शेवटपर्यंत वाचला. खाली "आपली विश्वासू" आणि तिचं नाव. तेही वाचलं.

मी त्या कॉलेजात बाबू. चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माझा बाप राइस मिलमध्ये पोती उचलायचा. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारा पहिला मी. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. रोज सकाळी त्याला हात जोडून ऑफिसात जायचो आणि ऑफिसात गेलो की साहेबांपुढे उभा राहायचो.

ती एटापल्लीच्याही पलीकडची. माडिया आदिवासी. जूनमध्ये दोन एसट्या बदलून एकटी आली होती, लोखंडी पेटी घेऊन. तिच्या गावातून बी.ए.ला आलेली पहिली मुलगी. पोळा होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा ती माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, "भाऊ, मले मराठी येते. पण अर्जाचं मराठी नाई येत."

मी तिला आत बसवलं. ती एकेक वाक्य बोलायची आणि गप्प व्हायची. मी पेन धरून थांबायचो. सरांनी हॉस्टेलच्या फॉर्मवर सही करायला म्हणून खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. त्यानंतरचं तिने दोन वाक्यांत सांगितलं. मी ते अर्जाच्या मराठीत बसवलं. इथे परत लिहिणार नाही. ते तिचं आहे. तिचं नावही लिहिणार नाही. ती म्हणते, माझं नाव मीच सांगीन.

अर्ज झाल्यावर मी आवक रजिस्टर काढलं. सरकारी कामकाजात ज्या कागदावर आवक नंबर पडला नाही, तो कागद आलाच नाही असं धरतात. नंबर पडला की तो आला. मी नंबर टाकला, चारशे बारा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून, सही करून तिला पोच दिली. आणि छाती फुगवून म्हणालो, "आता हे कोनी गिळू शकत नाई, बाई."

माझा खरोखर विश्वास होता. रजिस्टरवर.

दुसऱ्या दिवशी ती केबिन. वाचून झाल्यावर साहेब म्हणाले, "त्या नंबरावर दुसरं काई लिव. अन् हिले टी.सी. दे."

मी बाहेर आलो. व्हाइटनरची बाटली हलवली. आतली गोळी खडखड वाजली. तिच्या नावावर, विषयावर पांढरं फिरवलं. वाळावं म्हणून फुंकर मारली. आणि वर माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं : खडू व डस्टर पुरवठ्याबाबत.

मग टी.सी. 'शाळा/महाविद्यालय सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं, घरगुती.

तिने ते वाचलं. म्हणाली, "भाऊ, घरी तं काईच झालं नाई."

मी म्हणालो, "असंच लिवतेत, बाई."

ती पेटी घेऊन बसस्टँडकडे गेली. पेटी हलकी नव्हती. मी उठलो नाही.

असंच लिहितात, हे खोटं नव्हतं. आमचं टी.सी. रजिस्टर उघडून पाहावं. दरवर्षी जूनमध्ये आलेल्या, पहिल्या वर्षाच्या, गणपती ते दिवाळीच्या मधे निघून गेलेल्या मुली. भामरागडकडच्या, धानोऱ्याकडच्या, सिंदेवाहीच्या, चिमूरच्या. कारण, घरगुती. खाली पुन्हा घरगुती. सगळं माझं अक्षर. काहींचा बाप आजारी असेल. काहींचं लग्न ठरलं असेल. बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर, ज्या मुली खिडकीशी येऊन खाली पाहत म्हणायच्या, "टी.सी. पायजे," त्यांच्या उभं राहण्यावरून मला कळायचं. कळायचं आणि मी पेनाचं टोपण काढायचो.

मला बढती मिळाली. मोठा बाबू झालो. सर उपप्राचार्य झाले. हॉस्टेल त्यांच्याकडेच राहिलं.

व्हाइटनर टिकत नाही. चार वर्षांनी ऑडिटसाठी ते रजिस्टर काढलं, तर 'खडू'च्या शेजारचा पापुद्रा उडाला होता. खालून तिच्या नावाचं पहिलं अक्षर वर आलेलं. निळ्या शाईत. मी परत पांढरं लावलं. दोन वर्षांनी परत उडालं. परत लावलं. त्यानंतर मी ते कपाट उघडायचं सोडलं. पण कपाट माझ्या पाठीशीच होतं. ऑफिसात कुणी बाटली हलवली, की गोळीच्या त्या आवाजाने मी उठून बाहेर जायचो.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर ती आली. आता नर्स आहे, तिकडेच एका उपकेंद्रात. मी ओळखलं नाही.

"वळखलं का, भाऊ?"

तिने टेबलावर पोच ठेवली. लॅमिनेट केलेली. माझी सही, माझा शिक्का.

"चारशे बारा. काढा रजिस्टर."

तिच्या मागे एक मुलगी होती. ओढणीचं टोक मुठीत धरून. "हे माझ्या काकाची पोरगी. जूनमधी आली. मीनं म्हणलं होतं, इथी नको. पन नंबर इथीच लागला."

तेच सर. तोच फॉर्म. तीच खोली.

"ठाण्यात रिपोट दिला आमी," ती म्हणाली. "मीनं माझंबी सांगतलं. त्याइनं इचारलं, तवाच तक्रार काऊन नाई केली? मीनं तं केली होती ना, भाऊ?"

मी रजिस्टर काढलं नाही. चावी सापडत नाही म्हणालो. चावी खिशात होती. तिने खिशाकडे पाहिलं आणि पोरीला घेऊन गेली.

पोलिसांचं पत्र कॉलेजला आलं. आठ दिवसांनी साहेबांनी बोलावलं. तीच केबिन. उत्तर टाइप करून तयार होतं : अभिलेख तपासले असता असा कोणताही अर्ज प्राप्त झाल्याचे आढळून येत नाही, सदर क्रमांक खडू व डस्टर पुरवठ्याबाबत आहे. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

"कर सही. चार वर्षं राह्यली तुयी. पेन्शन घे अन् नातवंडं खेळव."

सर सोफ्यावर मोबाइल पाहत होते. मान वर केली नाही. अकरा वर्षांपूर्वीही नव्हती केली. त्यांच्या लेखी मी काय आणि ती काय. एक बाटली, एक ओळ.

मी म्हणालो, "नाई करत."

"काय म्हणला?"

"तिथी व्हाइटनर मीनं लावलं. तुमी सांगतलं म्हणून लावलं. हेच लिवून देतो."

साहेब चिडले नाहीत. हसले. "तूच जाशीन बे आत. अक्षर कोनाचं आहे?"

त्यांचं बरोबर होतं. अक्षर माझंच आहे.

मी कपाट उघडलं, आवक आणि टी.सी. अशी दोन्ही रजिस्टरं काखेत घेतली आणि पायी ठाण्यात गेलो. ठाणेदारांनी आवक रजिस्टरचं ते पान खिडकीशी धरलं. उन्हात तिचं नाव आरपार दिसलं. मी जबाब दिला. टी.सी. रजिस्टरही ठेवून घ्या म्हणालो.

बाहेर ती बाकावर बसली होती, पोरीच्या रिपोटाच्या कामाने आलेली. मी हात जोडले.

"हात नका जोडू, भाऊ," ती म्हणाली. "तवा माझं वाचलं होतं. आता तुमचं वाचा."

आता मी निलंबित आहे. आरोपींच्या यादीत माझंही नाव येईल असं वकील म्हणतात. येऊ द्या. सर जामिनावर आहेत. काकाची पोरगी कॉलेज सोडून गेली नाही. तिने टी.सी. मागितली नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसते म्हणे.

अर्जाची ती पोच कोर्टात जमा आहे. माझ्या साक्षीची तारीख लागेल त्या दिवशी तिला बसायला खुर्ची असेल आणि मी उभा असेन. काय पुसलं, कुणाच्या सांगण्यावरून पुसलं आणि चावी खिशात असताना काय बोललो, ते मी जोरात वाचून दाखवीन. आवाज बसला तरी थांबणार नाही.

त्यानंतर टी.सी. रजिस्टर. ज्या ज्या मुलीच्या नावापुढे मी 'घरगुती' लिहिलं, त्या प्रत्येकीला, तिची इच्छा असेल तर, रकान्यात खरं कारण लिहायचा हक्क आहे, आणि आधीचं कारण माझ्या हाताने खोटं लिहिलं गेलं होतं, हे तिला लेखी देणं माझ्याकडे बाकी आहे. अजून एकीलाही दिलेलं नाही.