नवसाबाईचं शेवाळ

नवसाबाईने समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही ओहोटीचा. पण नाशकातल्या त्या कॉलेजात बावीस वर्षं समुद्राचं पाणी कालवलं ते तिनेच. मीठ मोजायचं, पाणी उकळायचं, बाटल्यांतलं समुद्री शेवाळ जगवायचं. नाशिक रोडहून पहिल्या बसने यायची, आधी बाटल्या बघायची, मग पदर खोचायची. पोटच्या पोरांचंही एवढं केलं नसेल बाईने!

आणि ही संजना! पीएचडीला काल आली काय, अन् विश्वेश सरांनी शेवाळाच्या खोलीची चावी तिच्या हातात दिली काय! नवसाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड. त्यात पोरगी "मावशी, मावशी" करत गोड बोलायची, ते तर आणखीच झोंबायचं.

प्रयोग असा: काही बाटल्यांत जास्त कार्बन डायऑक्साइड सोडायचा, काहींत साधी हवा. काही दिव्याखाली ठेवायच्या, काही बंद कपाटातल्या अंधारात. कशाने शेवाळाची कोणती जनुकं जागी होतात, कोणती सुस्तावतात, ते बघायचं. कपाटावर संजनाने कागद चिकटवला होता: उघडू नये.

उघडू नये? मला सांगते? बावीस वर्षं जगवलं त्यांना बघायचीही चोरी?

नमुने काढायच्या आधी संजना खोली उघडी टाकून चहाला गेली, तशी नवसाबाईने कपाट उघडलं. हिच्या हाताखाली शेवाळ पिवळं पडलं असेल, एवढीच आशा. कुठलं काय! हिरवंगार. चांगली दहा मिनिटं ती जळफळत बघत राहिली आणि मग दार लावलं.

पंधरा दिवसांनी निकाल आला. अंधारातल्या शेवाळात उजेडाची जनुकं टक्क जागी! शेवाळानेच चहाडी केली.

"कपाट कुणी उघडलं?" सर कडाडले. "तीन महिन्यांची मेहनत वाया! उघडणाऱ्याला मी त्या खोलीत पुन्हा पाय ठेवू देणार नाही."

नवसाबाई खोचलेला पदर सोडून पुन्हा खोचू लागली. संजनाने तिच्याकडे पाहिलं, कळायचं ते तिला कळलं. "सर, मीच उघडलं. चुकून."

वाचलीस बये, असं दुसरीला वाटलं असतं. नवसाबाई मात्र पेटली. चावी घेतली, शेवाळ घेतलं, आता माझी चूकसुद्धा हिलाच पाहिजे? वर चांगुलपणाही हिचाच?

"खोटं बोलते ती!" नवसाबाई ओरडली. "कपाट मी उघडलं, सर. मी!"

उद्यापासून आपल्याला शेवाळाच्या खोलीत जायचं नाही, हे तिला तेव्हा कुठे उमगलं.

"पाणी पुरतं निवल्याशिवाय बाटल्यांत ओतायचं नाही," ती संजनाला म्हणाली. "तेवढं तरी लक्षात ठेव."