गुलाम आणि मालक एका पंगतीत

"गळ्यात काय आहे ते दाखवा," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. त्यांना क्रूस आहे का ते बघायचं होतं. केबिनमध्ये प्राचार्य होते, दोन पालक होते, दारात शिपाई होता. मी पदराखालची पोत बाहेर काढली. माझ्याच हातानं. ते आजही सहन होत नाही.

मी त्या कॉलेजात तासिकेवर तत्त्वज्ञान शिकवायची. माहेर कुरुंद्याचं. आई दुसऱ्याच्या रानात हळद काढून वाकली, तेव्हा मी एमए झाले. विभागप्रमुख सर वेदान्त स्वतः शिकवायचे. सुरुवातीच्या ख्रिस्ती विचारवंतांचा पेपर माझ्या गळ्यात घातला. तुमच्या लोकांना धर्म बदलायची सवय, तुम्हाला जमेल, असं हसत म्हणाले. मी ऐकून घेतलं. तास हवे होते.

पण विषयानं मला धरलं. देव चांगला, तर जगात वाईट कुठून आलं, असं ती माणसं आपल्याच देवाला विचारत होती. एकदा वर्गात सांगितलं, पहिले ख्रिस्ती जमायचे तेव्हा गुलाम आणि मालक एका पंगतीला बसून एकच भाकर मोडायचे.

गोरेगावची एक पोरगी उठली. "मॅडम, जेवण झाल्यावर गुलाम सुटायचा का?"

"न्हाई," मी म्हणाले. "देवासमोर सारखा. घरी गेला की गुलामच. त्यांच्या थोर लोकांनीही ते चालवून घेतलं. आपल्याकडं तर पंगतसुद्धा न्हाई."

हे कुणीतरी मोबाईलवर घेतलं. घरी गेला की गुलामच, ते मधलं कापलं. मॅडम पोरं बाटवून राहिल्या, म्हणून गावभर फिरवलं.

केबिनमध्ये पोत बघून झाल्यावर अध्यक्षांनी सांगितलं, वर्गात जायचं, हात जोडायचे, चुकीचं शिकवलं म्हणायचं. तर तास राहतील. म्हणून टाका, तकलीफ कशाला वाढवता, असं प्राचार्य हळूच म्हणाले.

गेले. माझ्या पाठीमागं अध्यक्ष, प्रमुख सर. पोरं उभी राहिली. माझे हात वर आले बी. शब्द ओठावर होता. समोर ती पोरगी होती. आता माफी मागितली, तर तिनं विचारलं तेच चूक ठरणार होतं.

हात खाली घेतले.

"मी बराबर शिकवलं. आन् मी बाटलेली न्हाई. माझ्या आजानं धर्म सोडला, बौद्ध झाला, तो मान वर करून. त्याची माफी मी मागणार न्हाई."

ती पोरगी बाकाकडं बघत राहिली. अध्यक्षांनी शिपायाला सांगितलं, यांना गेटाबाहेर काढ.

तास गेले. आता वारंगा फाट्याला कापडाच्या दुकानात उभी असते. मुलाखतींना जाते. सगळीकडं एकच विचारतात, आधीचं कॉलेज काहून सोडलं? घरची अडचण म्हणून सांग, असं नवरा म्हणतो. त्याचंही खोटं नाही, घर चालत नाही.

मी सांगते, सोडलं नाही. काढलं. काय शिकवलं म्हणून काढलं, तेही सांगते. समोरचे चेहरे मिटतात. कुठंच लागणार नाही, हे आता कळून चुकलंय.

पुढच्या ठिकाणीही हेच सांगणार.