साहेबाची शेगडी

रावेरच्या आमच्या बंगल्याचं आता सगळ्यांना कौतुक. राणीच्या राज्यात कुणा इंग्रज साहेबानं बांधलेला, पुढे आजेसासऱ्यांनी घेतलेला. उतरती कौलं, सज्जाला कोरीव लाकडी झालर, खिडक्यांना रंगीत काचा. आणि झोपायच्या खोलीत, भिंतीत शेगडी. रावेरच्या उन्हात शेगडी, म्हणजे साहेबानं काय डोकं चालवलं कोण जाणे. सासरे सांगायचे, ती कधी पेटलीच नाही.

त्या खोलीत सासऱ्यांची बहीण, आमच्या अक्का, पडून असायच्या. डावं अंग लुळं पडलेलं. लाकडी छतावर पोपट, मैना, वेली रंगवलेल्या होत्या; अक्कांचं जग तेवढंच. दुपारी मला जवळ बसवून एकेक पक्षी दाखवायच्या.

नव्वदच्या आगेमागे मे महिन्यात वादळ झालं. केळीची बाग आडवी झाली आणि पडलेले घड व्यापारी घेईनात. मीच म्हटलं, अक्कांना ओसरीवर हलवू, त्यांच्या खोलीत धूर देऊन केळी पिकवू, शेगडी आयतीच आहे. मला तेव्हा शहाणपण फार. धुराडं पोत्यांनी बुजवलं, फटी शेणामातीनं लिंपल्या, गोवऱ्या पेटवल्या.

केळी झकास पिकली. छत काळंठिक्कर झालं.

अक्कांना परत आणायच्या आधी मी स्टुलावर चढून सोड्याच्या पाण्यानं पुसायला लागले, तर काजळीबरोबर पोपटच फडक्यावर उतरला. अक्कांना उचलून आणलं तेव्हा मी तिथेच रडत होते.

"राहू दे वं माय," त्या वर बघत म्हणाल्या, "मले सारे पाठ हायेत."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हिवाळ्यात पुण्याहून एक प्राध्यापक आले. जुन्या घरांवर पुस्तक करत होते. झालर पाहून हरखून गेले. अक्कांनी उजव्या हातानं काळ्या छताकडे बोट करून कुठे पोपट, कुठे मैना, सगळं सांगितलं. मग प्राध्यापकांनी विचारलं, हे असं कशानं झालं? सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

"साहेबाच्या शेगडीनं," अक्का म्हणाल्या. "लई जुनी काजळी हाये."

त्यांनी लिहून घेतलं. मी चहा आणायला आत गेले.

पुस्तकात तसंच छापलंय. अक्का आता नाहीत. पाहुणे येतात, वर बघतात, एवढ्या उकाड्यात शेगडी पेटवायचा म्हणून साहेबाला हसतात. मीही हसते.